जीपचे मीटर नव्यासारखे करून देतो म्हणाला आणि आमचेच मीटर ठेवून घेतले

आधीच सांगतो, चूक माझीपण आहे. मला चकचकीत पाहिजे होतं आणि त्यानं चकचकीतच दिलं.

आमच्या आजोबांनी सरकारी लिलावात घेतलेली जुनी विलीज जीप आहे घरात. डॅशबोर्डवर पाच गोल मीटर, मधी मोठा स्पीडोमीटर, तोपण माईलचा, 60 पर्यंत, आणि बाजूला पेट्रोल, अँपियर, ऑइल आणि टेंपरेचर. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापुरात महापूर आला तेव्हा गाडी व्हीनस कॉर्नरजवळ काकांच्या गोडाऊनात होती, पाणी स्टेअरिंगच्या वर गेलं. नंतर इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं खोलून केलं पण मीटर तसेच राहिले. काचेच्या आतनं गाळ वाळून बसलेला, डायल चहा सांडल्यासारखं पिवळं, स्पीडचा काटा 15 वर अडकलेला तो अडकलेलाच. आप्पा म्हणायचे राहू दे की, गाडी चालतीय न्हवं. पण दसऱ्याला दसरा चौकात महाराजांची जुनी मेबॅक गाडी बघून आलो की मला दरवर्षी खाज सुटायची की आपली गाडीपण एकदा तशी दिसली पाहिजे.

तर एक रील दिसलं, जुने मीटर नव्यासारखे. हायवेलगत पत्र्याचं शेड. माणूस बोलायला लै गोड, दादा दादा करत होता. पाच मीटरचे 14 हजार, 8 हजार ॲडव्हान्स, काढायला बसवायला वेगळे पैसे नाहीत. डायलचं काम मुंबईला होतं, पाठवायला लागतं, तीन आठवडे लागतील म्हणाला. लागले अडीच महिने. आणि मी शहाण्यानं काय केलं तर गाडी तिथं लावली आणि घरी आलो. मागनं फोटो नाही, नंबर लिहून घेतला नाही, बिल नाही, गुगल पेवर फक्त 'मीटर' एवढं लिहिलेलं.

गाडी परत आली तेव्हा काय दिसत होती म्हणून सांगू! डायल दुधासारखं पांढरं, काटे लालभडक. मी खुशीत वर 500 रुपये दिले चहापाण्याला. स्पीडोमीटर किलोमीटरचा झालेला, विचारलं तर म्हणाला आता माईल कोण बघतंय दादा, कन्व्हर्ट करून दिलं. खालचा काउंटर, गाडी एकूण किती पळाली ते दाखवणारा, सगळा शून्य. ओव्हरहॉल केलं की झिरो करायलाच लागतं म्हणाला. मी म्हटलं असेल बाबा.

पहिला झटका जोतिबाला जाताना. घाटात बोनटमधनं वाफ, रेडिएटर उकळायला लागला आणि टेंपरेचरचा काटा निवांत अर्ध्यावर. थांबवली, चावी काढली, तर काटा टपकन खाली शून्यावर. मला तेव्हापण कळलं नाही. आता कळतंय की तिथंच सगळं उघडं पडलं होतं, कारण आमच्या गाडीचा टेंपरेचर मीटर वायरवर चालणारा नव्हताच. त्याच्या मागनं तांब्याची बारीक नळी निघून इंजिनच्या हेडपर्यंत जायची, टोकाला बल्ब, म्हणजे दिवा न्हवं, बंद नळकांडी, आत ईथर नावाचा पटकन वाफ होणारा द्रव भरलेला. इंजिन तापलं की ईथरचा दाब वाढतो आणि काटा ढकलला जातो. त्याला बॅटरी लागत नाही, चावी लागत नाही, आणि गरम इंजिन बंद केलं तरी काटा वरच राहतो, हळूहळू उतरतो. चावीबरोबर पडणारा काटा म्हणजे मीटर दुसराच.

मग शिवाजी उद्यमनगरात एक म्हातारे मामा आहेत, पूर्वी असल्या जीपांचंच काम करायचे, त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी डॅशबोर्डच्या मागं हात घातला आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नळी कुठाय?" हेडमधल्या भोकात साधा प्लग मारून टाकलेला आणि मीटरला एक वायर, तीपण चावीच्या स्विचवरनं. म्हणजे चावी लावली की काटा अर्ध्यावर, बास, इंजिन जळू दे नाहीतर राहू दे. पेट्रोलचा मीटरपण बाजारातला नवा. स्पीडोमीटरची रिंग बोटानं फिरतीय. जुन्या मीटरची रिंग डब्याच्या कडेवर दाबून बसवलेली असते, उघडायची तर सगळीकडनं थोडी थोडी उचलत जायला लागतं आणि त्याच्या खुणा राहतातच. इथं खुणाबिणा काही नाही, आतनं सिलिकॉनचा ओघळ.

स्पीडोमीटरची गंमत तर वेगळीच. मोबाईलचा मॅप लावून कागलच्या दिशेनं 16 किलोमीटर गेलो, काउंटर पडला 10. म्हणजे आत मशीन माईलचंच, वर नुसता किलोमीटरचा स्टिकर! काटा 40 वर असला तर गाडी खरी 64 नं पळतीय, आणि ब्रेक चारी ड्रमचे. महिनाभर मी पोरांना बसवून असा हिंडत होतो.

ऑइल आणि अँपियरचे तेवढे मीटर आमचे निघाले, मागं आजोबांच्या वेळचा हिरवा रंग उडालेला होता त्यावरनं ओळखले. त्यातपण ऑइलच्या डायलवर थिनर फिरवलंय, आकडे अर्धे गेलेत. मामा म्हणाले डायलवरची अक्षरं म्हणजे शाईचा पातळ थर, थिनर लागलं की गेलीच. वाळलेला गाळ मऊ केसांच्या ब्रशनं कोरडाच झाडायचा, स्पीडोमीटरच्या आतल्या केसासारख्या स्प्रिंगला बोट लावायचं नाही, केबलला ग्रीस खालच्या भागात थोडंसंच, नाहीतर ते चढत जाऊन मीटरमध्ये शिरतं. आणि काटा किंवा आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगाचे असतील, मिलिटरीच्या गाड्यांना असायचे, तर ते मुळीच खरवडायचं नाही, त्या काळी रेडियम घालायचे त्यात, पूड नाकात जाणं वाईट. शेवटी म्हणाले, "आठवडाभर पुराच्या पाण्यात बसलेलं डायल एवढं पांढरं हुईल व्हय रं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शेडवर गेलो तर दादावरनं डायरेक्ट "ओ साहेब". तुमचेच हायत म्हणतोय. मग भावाच्या वरातीचा एक फोटो सापडला, त्यात डॅशबोर्ड आलाय, काचेला डाव्या बाजूला खालनं वर गेलेली चीर दिसतीय. तो दाखवला तर म्हणाला काच बदलली. बरं, मग माईलचं डायल दे. ते मुंबईला फुटलं. शेवटी आरडाओरडा झाल्यावर 3 हजार परत पाठवले आणि त्यानंतर फोन उचलणं बंद. आता शेडपण बंद आहे. ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे हे मला माहीत आहे, जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखापर्यंत फी नाही हेपण वाचलंय, पण बिलच नाही तर दाखवू काय. कच्च्या कागदावर का असेना, पाचही मीटरची नावं आणि काउंटरचा आकडा लिहून त्याची सही घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. मागच्या बाजूचे फोटो काढायला तर पाच मिनिटं लागली असती.

गेल्या महिन्यात ऑनलाईन एक जाहिरात दिसली, 'ओरिजिनल विलीज स्पीडोमीटर, माईल, 22 हजार'. काचेला डाव्या बाजूला खालनं वर चीर. मी साधं गिऱ्हाईक बनून विचारलं की मागचा फोटो पाठवा, दोन निळ्या टिका आल्या आणि अर्ध्या तासात जाहिरात गायब. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, काउंटर 41 हजार 6शेच्या पुढं आहे, शेवटचे दोन आकडे चिरेखाली गेलेत. कुणाला असला मीटर विकायला आलेला दिसला तर प्लीज कळवा, घ्यायचाच असेल तर मीच घेतो.