राऊटरला लावलेली डिस्क: आठ महिने आणि एक पावसाळा

बाबांच्या कपाटात ४१ कॅसेट होत्या. गोव्यात कवळ्याला आमच्या वाड्यावर होणारी भजनं, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या, उत्सवातली मराठी नाटकं, असं सगळं त्यांनी नव्वदच्या दशकात साध्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेलं. इथल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. दोन कॅसेट चिकटून वाया गेल्या तेव्हा मी उरलेल्या ३९ एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि दोन टीबीच्या डिस्कवर ठेवल्या. दादाने शूट केलेली अलीकडच्या नाटकांची व्हिडिओही त्यातच. पण डिस्क माझ्या खणात. बाबांना काही ऐकायचं झालं की मी कामावरून येईपर्यंत थांबायचे. ते मला बघवत नव्हतं.

मार्चमध्ये लक्षात आलं की हॉलमधल्या राऊटरच्या पाठीमागे यूएसबी पोर्ट आहे. डिस्क तिथे लावली की घरातल्या सगळ्यांना वाय-फायवरून उघडता येते, असं खोक्यावरही छापलेलं. आज आठ महिन्यांनी ती तशी उघडते आणि मी ही सोय काढणार नाही. पण पहिले तीन आठवडे फार जड गेले. कुठलीच अडचण एकटी नव्हती, एकीच्या मागे दुसरी दडलेली होती. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिली अडचण विजेची. डिस्क लावली की आतून कट-कट असा आवाज यायचा आणि ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ‘यूएसबी उपकरण नाही’. मला वाटलं डिस्क गेली, आणि पोटात गोळाच आला. लॅपटॉपला लावली तर व्यवस्थित चालली. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअरपर्यंत वीज देतं, आणि फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कला सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त लागू शकते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणून मध्ये लावला आणि आवाज बंद झाला. पेन ड्राइव्हला हा त्रास होत नाही. तुमच्या डिस्कचा असा आवाज येत असेल तर आधी वीज तपासा, लगेच नवी डिस्क विकत घेऊ नका.

मग राऊटरच्या पानावर डिस्क दिसली, शेअरिंग चालू केलं, पण लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडलं की रिकामं. माझे इथे चार दिवस फुकट गेले. ती यादी डोक्यातून काढून टाका. विंडोजमधली शेजारच्या उपकरणांची जुनी यादी एसएमबी१ या जुन्या पद्धतीच्या आधाराने बनायची. ती पद्धत गेली तशी बऱ्याच राऊटरांची नावंही यादीतून गेली. पण यादीत नाव नाही म्हणजे राऊटर भेटणार नाही असं नाही. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि राऊटरचा पत्ता, माझ्याकडे तेव्हा १९२.१६८.०.१, असं थेट टाकायचं. आजही माझ्या लॅपटॉपवर ती यादी रिकामीच असते आणि डिस्क रोज उघडते.

पत्ता टाकला तर निदान काहीतरी उत्तर आलं: हे शेअर सुरक्षित नाही, त्याला कालबाह्य एसएमबी१ लागतं. खरं निदान त्या एका ओळीत होतं. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइल मागण्या-देण्याची बोली. माझ्या राऊटरला तिची फक्त जुनी आवृत्ती येत होती आणि लॅपटॉपने ती सोडून दिली होती.

जिथे विचारावं तिथे एकच सल्ला मिळतो: ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबी१ चालू करा. मी एका संध्याकाळी केलं. डिस्क लगेच उघडली आणि आनंदही झाला. पण ही पद्धत काढली का, हे वाचल्यावर त्याच रात्री बंद केलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं अडली, तो एसएमबी१ मधल्याच एका छिद्रातून. छिद्र बुजवणारं अपडेट त्या मार्चमध्येच आलेलं होतं, पण असंख्य मशीनवर ते घातलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी१ मुळात येईनासं झालं. म्हणून मी कळकळीने सांगते, ते चालू करून ठेवू नका. दहा मिनिटं चाचणीपुरतं केलंत तर आठवणीने बंद करा.

बरोबर उपाय राऊटरच्या बाजूला होता. त्याचं फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, दोन वर्षं जुनं होतं. नवं टाकल्यावर त्याला एसएमबी२ यायला लागलं आणि लॅपटॉपची तक्रार संपली. टाकताना दोन गोष्टी जपा. राऊटरच्या तळाच्या चिकटपट्टीवर मॉडेलच्या पुढे हार्डवेअरची आवृत्तीही लिहिलेली असते, फाइल अगदी तिचीच घ्या. आणि ते काम केबल लावून, वीज जाण्याची शक्यता नसेल तेव्हा करा. अर्ध्यावर बंद पडलं तर राऊटर पुन्हा उठेल याची खात्री नसते. फर्मवेअर नवं करूनही एसएमबी२ येत नसेल, तर त्या राऊटरवर फाइल शेअरिंगचा नाद सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं झालं आणि वहिनीचा नवा लॅपटॉप अडला. त्यात विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती. माझ्याकडे उघडतं, तिच्याकडे ‘पाहुणा म्हणून प्रवेश नाही’ अशा अर्थाचा संदेश. मी सोयीसाठी पासवर्ड न ठेवता शेअर केलं होतं. या आवृत्तीपासून प्रोमध्ये बिनपासवर्डाचं पाहुणेपण मुळातच बंद आहे आणि प्रत्येक जोडणीवर सहीची सक्ती आहे, म्हणजे मधल्यामध्ये कोणी काही बदललेलं नाही याची खूण तपासली जाते. सही करायला खरं खातं लागतं. राऊटरवर नाव-पासवर्ड ठेवला आणि तिचं काम झालं. मग माझं अडलं! माझ्या लॅपटॉपने आधीची जोडणी लक्षात ठेवली होती आणि नवं नाव देऊ देईना. कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली त्या पत्त्याची जुनी नोंद पुसली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, तेव्हा सुरळीत झालं. पासवर्ड बदलला की घरातल्या प्रत्येक विंडोजवर हे करावं लागतं. एरवी माणूस बरोबर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

आता मोबाइल. माझ्या फोनवरच्या व्हीएलसी या प्लेअर ॲपमध्ये डिस्क उघडायची, बाबांच्या फोनवर नाही. ॲप तेच, पासवर्ड तोच. बाबा म्हणाले, ‘‘अगो, माझा फोन जुना झालाय, राहू दे.’’ फोनचा काही दोष नव्हता. इंटरनेटवाल्यांनी दिलेला फायबरचा डबा समोरच्या खोलीत, त्याचंही स्वतःचं वाय-फाय, आणि बाबांचा फोन त्याला जोडलेला. माझा राऊटर त्या डब्याच्या मागे स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडून बसलेला. एकाच घरात दोन घरं झाली होती. आतून बाहेर जाता येत होतं, बाहेरच्या घरातून आत येता येत नव्हतं. राऊटरचं काम तेच आहे, आणि ते तो चोख करत होता.

उपाय दोन. डब्याचं वाय-फाय बंद करून सगळ्यांनी राऊटरवर यायचं, किंवा राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकून, म्हणजे त्याचं वेगळं नेटवर्क बंद करून, दोन्ही एक करायचे. आमच्या भिंती जुन्या चिऱ्याच्या, दीड फुटी. हॉलमधलं वाय-फाय समोरच्या खोलीत पोचता पोचता मरतं, म्हणून दुसरा उपाय केला. माझ्या राऊटरवर या मोडमध्येही यूएसबी चालतं. काही मॉडेलमध्ये ते बंद होतं, तेव्हा आधी पाहून घ्या. जाता जाता, पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय ठेवलं असेल तर त्यावरून डिस्क दिसणार नाही. ते तसंच असायला हवं.

या बदलाचा एक परिणाम जूनमध्ये कळला. पहिल्याच मोठ्या पावसात रात्री तीनदा वीज गेली. सकाळी डिस्क कोणालाच सापडेना. ॲक्सेस पॉइंट झाल्यावर राऊटरला पत्ता तो फायबरचा डबा देत होता आणि वीज येऊन-जाऊन तो बदलला होता. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन राऊटरसाठी १९२.१६८.१.२ हा पत्ता कायमचा राखून ठेवला. सगळ्यांचे शॉर्टकट त्यावर केले, तेव्हापासून तो त्रास नाही.

विजेच्या खेळाचा खरा फटका मात्र डिस्कला बसला. काही लिहिलं जात असताना वीज गेली की एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या) डिस्कवर ‘हिची तपासणी बाकी आहे’ अशी खूण राहते. माझा राऊटर अशी डिस्क फक्त वाचू द्यायचा, लिहू देत नव्हता. जुलैमध्ये एकदा तर त्याने ती घेतलीच नाही. लॅपटॉपला लावून चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासण्या-दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला, पाऊण तास लागला. एका नाटकाचं अर्धं कॉपी झालेलं व्हिडिओ तेवढं गेलं. त्या पाऊण तासात मी जागची हलले नाही. दुसऱ्या दिवशी ६०० व्हीएचा साधा यूपीएस आणला, त्यावर डबा, राऊटर आणि हब तिन्ही लावले. नुसता राऊटर यूपीएसवर ठेवून हब भिंतीच्या प्लगवर ठेवलात तर उपयोग शून्य, कारण डिस्कची वीज हबमधून येते. गोव्यात पावसाळा काढायचा तर हा खर्च मी डिस्कच्याच खर्चात धरेन. आणि डिस्क काढताना राऊटरच्या पानावरचं ‘सुरक्षित काढा’ दाबल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही, हे भाच्यालाही शिकवलंय.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. फॅट३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आमचं एकेक नाटक दहा जीबीचं. माझा राऊटर एक्सफॅट वाचत नाही, म्हणून एनटीएफएस. दादाच्या मॅकला एनटीएफएसवर थेट लिहिता येत नाही, पण नेटवर्कवरून येतं, कारण डिस्कशी बोलतो तो राऊटर, मॅक नव्हे.

वेगाबद्दल खोटी आशा देणार नाही. माझ्या राऊटरची केबलची पोर्ट १०० एमबीपीएसची. म्हणजे कागदावरच सेकंदाला साडेबारा एमबी, प्रत्यक्षात मला ११ मिळतात. एक नाटक चढवायला पंधरा मिनिटं. चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे वाय-फायवर तीन-चार. भजन ऐकायला हे भरपूर, एचडी नाटक बघायलाही पुरतं. हजारो फोटो एकदम चढवणं मात्र नकोसं होतं. लहान फाइल्स प्रत्येकी थोडा वेळ खातात, तेव्हा ते काम मी डिस्क काढून थेट लॅपटॉपवर करते. शिवाय बराच वेळ कोणी वापरली नाही की डिस्क झोपते. पहिल्यांदा उघडताना दहा सेकंद लागतात आणि टीव्ही तेवढ्यात ‘सापडलं नाही’ म्हणतो. पुन्हा दाबलं की येतं.

मराठीत नावं देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मी फाइलींची नावं देवनागरीतच ठेवते, बाबांनी कॅसेटवर लिहिली तशी. बहुतेक राऊटर आतून लिनक्सवर चालतात आणि तिथे फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्तालाही तीन-तीन. नुसत्या ‘प्र’ला नऊ. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवायचं. गाणाऱ्याचं नाव, पेटी कोणाची, तबला कोणाचा, कुठल्या सालची चवथ, हे सगळं नावात लिहायला गेले तर कॉपी होताना एरर यायचा आणि कारण कळत नव्हतं. आता नाव छोटं, बाकीचं शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये. टीव्हीवर राऊटरच्या मीडिया सर्व्हरमधून ही नावं अजून चौकोन-चौकोन दिसतात. टीव्हीत देवनागरी फॉन्ट नसावा. त्यावर मला उपाय मिळालेला नाही.

राऊटरच्या पानावर ‘इंटरनेटवरून प्रवेश’ असंही एक बटण आहे. मी ते बंद ठेवलंय आणि तुम्हीही ठेवा. घराबाहेरून भजन ऐकायची हौस मोठी असली तरी एसएमबीचं ४४५ नंबरचं दार जगाला उघडं टाकण्याइतकी नाही. आणि एकाच डिस्कवर सगळं ठेवून सुरक्षित झालं असं मानू नका. दुसरी प्रत मी दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर घेते, ती मडगावला मावशीकडे असते.

यंदाच्या चवथीला दुसऱ्या दिवशी आरती संपल्यावर बाबांनी माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखाली, बसून स्वतःच्या फोनवर १९९४ ची घुमट आरती लावली. माझी मदत घेतली नाही. भाचा ऐकत होता, घुमट कोण वाजवतोय विचारत होता, आणि बाबा एकेका ठोक्यावरून माणूस ओळखून नाव सांगत होते. त्यातले दोघे आता नाहीत. तेव्हापासून रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं बसतो, ते ऐकतात आणि सांगतात, मी त्या टेक्स्ट फाइलींत नावं भरते. २३ कॅसेट झाल्या, १६ बाकी आहेत.