दातांच्या फटीतला ब्रश : चार महिने वापरून झाल्यावर

भरिताची वांगी निघाली की आमच्या यावलच्या घरी दिवसाआड भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. मागच्या हिवाळ्यात वांग्याचं बी दाढेत अडकलं की मी काडीनं कोरायचे, आणि काडीला रक्त यायचं. सकाळी चूळ भरली तरी पाणी गुलाबी. ब्रश कडक असेल, असं म्हणून वर्ष काढलं. मला सात वर्षांपासून शुगर आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजल्या की शुगर आटोक्यात राहत नाही, हे मला जळगावच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेल्यावर कळलं.

त्यांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेनं आत घालून आकडे सांगितले. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते, माझ्या दाढांपाशी पाच. "काकू, आतलं हाड थोडं झिजलंय, ते आपोआप भरून येणार नाही. उरलंय ते सांभाळू," म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी दोन वेळा जाऊन दातांवरचं किटण काढून घेतलं. दात साफ केले की हलायला लागतात, असं जाऊबाईंनी बजावलं होतं. खरं तर फटीत किटणच भरलेलं असतं, ते निघालं की फट मोकळी दिसते. आठवडाभर गार पाणी झोंबलं, मग थांबलं. हे किटण घरी कुठल्याच ब्रशनं निघत नाही, म्हणून फटीतला ब्रश आणण्याआधी डॉक्टरकडे जाऊन या.

ब्रश म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी छोटं रूप : मधे तार, भोवती केस. माप महत्त्वाचं. केस दोन्ही दातांना टेकले पाहिजेत, पण तार घासता कामा नये. मला पुढे 0.5 आणि दाढांत 0.7 मिलिमीटरचा बसतो. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक बदलतो. दात चिकटून आहेत तिथे मी तो दामटत नाही, दोरा फिरवते. रोज रात्री, पेस्ट न लावता.

पहिल्या आठवड्यात इतकं रक्त आलं की सोडून द्यावंसं वाटलं. सुजलेली हिरडी आहे, थांबू नका, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाराव्या दिवशी ब्रश कोरडा-पांढरा निघाला. तोंडाचा वासही गेला. काल तपासलं तर पाचाचे चार झालेत.

तक्रार दोन गोष्टींची. मागच्या दाढेत घालताना तार वाकते, त्यामुळे माझा एक ब्रश आठवडाभरच पुरतो. आणि गावातल्या मेडिकलवर एकच माप मिळतं, बाकीसाठी जळगाव गाठावं लागतं.

माझी आई चाळीस वर्षं मशेरी लावते. "माझ्या हिरडीतून थेंबभर रक्त येत नाही," असं अभिमानानं सांगते. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आतून दुखणं वाढलं तरी रक्त दिसत नाही, हे तिला कसं पटवू? तिच्या खालच्या दोन दाढा हलताहेत. पुढच्या महिन्यात तिला घेऊन जळगावला जातेय. मशेरीची डबी अजून उशाशीच आहे.