ऑक्टाव्हिया आरएसचे स्पार्क प्लग घरीच बदलले: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पिकअप वाढला का, हे सगळे आधी विचारतात. नाही वाढला. जो हळूहळू गेला होता तो परत आला, एवढंच. नव्या प्लगने ताकद वाढते असं सांगणाऱ्याकडून प्लग घेऊ नका.

गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. त्या वर्षी भारतात ५०० च विकायला आल्या होत्या, त्यातली एक. दोन लिटरचं ईए८८८ टर्बो इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि वर आधीच्या मालकाने करून घेतलेला स्टेज वन रीमॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून बूस्ट आणि ताकद वाढवणं. तक्रार अशी की साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण रेस दिली की गाडी मिसिंग मारायची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने झटके द्यायची. सिग्नलला उभी असताना मात्र एकदम शांत. टर्बो गाडीत हे लक्षण प्लगकडे बोट दाखवतं. बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) चढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि झिजून गॅप (ठिणगी जिथे पडते त्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) वाढलेला प्लग तिथेच हात टेकतो.

स्कॅनरवर पी०३०३ कोड आला, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर (मोजणी टायमिंग चेनच्या बाजूने). इथे एक फुकटची चाचणी आहे. तीन नंबरची कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारा, प्रत्येक प्लगवर बसलेला भाग) एक नंबरवर लावायची आणि तसाच चढ पुन्हा चढायचा. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा, तिथेच राहिला तर आधी प्लग बघायचा. माझा तिथेच राहिला. अनेक ठिकाणी ही अदलाबदल न करताच चारही कॉइल बदलायला सांगतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्लग घेतले एनजीकेचे, पीएलएफईआर७ए८ईजी. नाव जीभ वळणार नाही असं आहे, पण कामाचं आहे: ७ ही हीट रेंज आणि ८ म्हणजे ०.८ मिलिमीटरचा गॅप. एनजीकेत हीट रेंजचा आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा. नकली माल भरपूर फिरतो, त्यामुळे खोकं न बघता प्लग बघा. आटे गुळगुळीत हवेत, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर हवा आणि वॉशर बोटाने फिरवून सहज निघता कामा नये. रीमॅपमुळे मी गॅप ०.७ वर आणला. त्यासाठी फीलर गेज (पातळ पट्ट्यांचं मापक) घ्या. नाण्यासारखं गोल गॅप मोजायचं साधन मिळतं ते नको, त्याचा दाब बारीक प्लॅटिनम टोकावर येतो. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड.

प्रत्यक्ष काम सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असेल तर उत्तम, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे खराब होतात. वरचं कव्हर ओढलं की निघतं. खरी धाकधूक कॉइलच्या कनेक्टरची. उष्णतेने ते प्लॅस्टिक पापडासारखं कडक झालेलं असतं. लॉक आधी मागे सरकवायचं, मग दाबून कनेक्टर काढायचा. घाई केली की लॉक तुटलंच. कॉइलला टी३० चा (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचा) एकेक बोल्ट. प्लग काढण्याआधी तो बसलेल्या खड्ड्यात हवा मारा, पुण्यात तर मारायलाच हवी, नाहीतर तिथली धूळ सरळ सिलिंडरमध्ये. मग १६ मिलिमीटरची चुंबकवाली गोटी (सॉकेट) आणि लांब एक्स्टेंशन.

बसवताना सुरुवातीचे आटे रॅचेट न लावता नुसत्या एक्स्टेंशनने, बोटांनी फिरवायचे. आटा चुकला तर बोटांना लगेच कळतं, रॅचेटला कळत नाही. शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना. १४ मिलिमीटरच्या आट्यांना ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका, तुमचा ओळखीचा मेकॅनिक कितीही म्हणाला तरी. प्लगवर आधीच मुलामा असतो, आणि आटे निसरडे झाले की रेंचवर तोच आकडा दिसत असतानाही प्लग जास्त आवळला जातो.

आता जुने प्लग. मला सगळ्यात जास्त मोल वाटलं ते हे चार प्लग हातात आल्याचं. गॅरेजमध्ये ते बहुधा कचऱ्यात जातात. तीन फिकट तपकिरी, म्हणजे तब्येत ठीक. तीन नंबरचा गॅप नजरेला दिसेल इतका रुंदावलेला. काळी सुकी काजळी असती तर मिश्रणात पेट्रोल जास्त, ओला तेलकट थर असता तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघावं लागलं असतं, पांढराफटक आणि फोड आलेला असता तर मी रीमॅपवाल्याला फोन केला असता. षट्कोनाच्या वर पांढऱ्या चिनी मातीला तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. लोक त्याला गॅस गळती समजतात. ते कोरोना डिस्चार्जमुळे (जास्त व्होल्टेजने प्लगभोवतीच्या हवेत होणाऱ्या विद्युत विसर्गामुळे) चिकटलेले तेलाचे कण असतात आणि निरुपद्रवी असतात.

त्यानंतर एक पावसाळा, कोकणच्या फेऱ्या, बरेच घाट झाले. मिसिंग पुन्हा आलं नाही. थंड इंजिन सुरू होताना थोडी थरथर असायची तीही गेली. ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. ऑइल बदलताना तीन नंबरचा प्लग काढून पाहिला, रंग स्वच्छ तपकिरी.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या खेपेला बचत शून्य, चांगल्या टॉर्क रेंचमध्येच मजुरी गेली. मूळ स्थितीतल्या गाडीला कंपनीचे ६०,००० किलोमीटर ठीक आहेत. रीमॅप असेल तर मी निम्म्यावरच बदलेन. आणि सगळ्या गाड्या इतक्या सरळ नसतात. अमेरिकेतल्या माझ्या भावाकडे सुबारू आहे. तिच्या बॉक्सर इंजिनात प्लग दोन्ही बाजूंना आडवे, चेसिसला तोंड करून बसलेले असतात आणि हात घालायलाही जागा नसते. त्याला मी हा सल्ला दिलेला नाही.

राहता राहिल्या त्या लाल रंगाच्या ऑडी आर८ च्या कॉइल, ज्या प्रत्येक जण सुचवतो. बसतात, दिसतातही छान. पण मूळ कॉइल धड असताना मला त्यांचं कारण सापडलेलं नाही, त्या पैशात पुढचे प्लग येतील.