मेरिट स्कॉलरशिपच्या शोधात कॉमन डेटा सेट कितपत कामाचा?

अमेरिकेतल्या छोट्या खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांची फी बघून छाती दडपते, पण पूर्ण फी भरणारे तिथे थोडेच असतात. मेरिट, म्हणजे आर्थिक गरज न बघता गुणवत्तेवर मिळणारी सवलत, कोणाला आणि किती, हे माहितीपत्रकात शोधू नका. कॉमन डेटा सेट उघडा, म्हणजे कॉलेज आपल्या प्रवेशाची आणि आर्थिक मदतीची आकडेवारी ज्या ठरावीक नमुन्यात दरवर्षी मांडतं तो दस्तऐवज. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, फक्त दिसायला अगदीच रुक्ष.

कॉलेजचं नाव, ‘कॉमन डेटा सेट’ आणि वर्ष टाकून शोधा आणि थेट एच विभागात जा. एच२ तक्त्याचा पहिला रकाना नव्या फुलटाइम विद्यार्थ्यांचा. ओळ ए म्हणजे एकूण विद्यार्थी, ओळ सी म्हणजे ज्यांची आर्थिक गरज मान्य झाली ते. वजाबाकी केली की गरज नसलेले उरतात. त्यातल्या किती जणांना कॉलेजने स्वतःचे पैसे दिले, ते एच२एमधल्या ओळ एनमध्ये. समजा ए ५००, सी ३२० आणि एन १५०, तर १८० पैकी १५० जणांना मेरिट मिळालं. अशा ठिकाणी अर्ज जरूर करावा. ओळ ओमधली सरासरी रक्कम मात्र जपून वाचा, दोन-चार फुल राइडनीही (सगळा खर्च भागवणाऱ्या स्कॉलरशिपनीही) ती फुगते. शिवाय गरज असलेल्यांना मिळालेलं मेरिट या ओळींत येतच नाही. ॲमहर्स्ट आणि विल्यम्स मेरिट देत नाहीत, तिथे ही आकडेमोड व्यर्थ. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी एच६ आधी बघावं, परदेशी विद्यार्थ्यांना मिळालेली मदत तिथे असते.

सवलत वजा जाता किती पैसे भरावे लागतील याचा अंदाज देणारा, कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर २०११ पासून कॉलेजांना सक्तीचा आहे, पण दर्जा कमीजास्त. त्याने मार्क विचारले नाहीत, तर उत्तरात मार्कांवरचं मेरिट धरलेलं नाही असं समजा. कॉलेज नॅव्हिगेटर ही अमेरिकन सरकारची कॉलेज शोधायची वेबसाइट यादी गाळायला उत्तम, पण त्यातली सरासरी ग्रँट गरजेची आणि मेरिटची एकत्र असते.

डेटा सेटची मोठी उणीव म्हणजे एकेका मेरिट स्कॉलरशिपच्या अटी आणि तारखा कळत नाहीत. वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजच्या जॉन्सन स्कॉलरशिपला वेगळा निबंध लागतो, हे त्यात कुठेच नाही. दरवर्षी किती जीपीए राखायचा आणि बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज आपली रक्कम कापतं का, हे दोन प्रश्न कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदत कार्यालयाला) ईमेलनेच विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.