आशाताईंसाठी डोळे तपासणीचं २ दिवसांचं ट्रेनिंग – माझा अनुभव

मी यवतमाळ जिल्ह्यातली आशा. मागच्या महिन्यात तालुक्याला एका संस्थेचं डोळे तपासणीचं ट्रेनिंग केलं, कोणाला जायचं असेल तर कामात येईल म्हणून लिहून राहिली.

पहिला दिवस एकदम भारी, नुसतं पडद्यावर दाखवून सोडलं नाही, जोड्या लावून आमच्याकडूनच करून घेतलं. इंग्रजी E चा तक्ता, ६ मीटर अंतर, एक डोळा तळव्यानं झाकायचा, बोटांनी झाकला तर फटीतून दिसते. ज्या आजीला अक्षर ओळखता येत नाही तिनं फक्त E चे दांडे कोणत्या बाजूला ते हातानं दाखवायचं. ६/१८ ची ओळ (चांगल्या डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ती) ६ मीटरवरून दिसली नाही तर पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून परत बघायला लावायचं, त्यातून साफ दिसलं तर बहुतेक चष्म्याचं काम, नाहीच दिसलं तर मोतीबिंदू नाहीतर आत दुसरं काही, मग पुढं पाठवायचं. आणि मोतीबिंद पिकू द्या मग काढू असं आमच्याकडे घरोघरी म्हणतात ना, तशी वाट पाहायची गरजच नाही, कामात अडचण यायला लागली की काढता येतो. २०१५-१९ च्या सरकारी सर्वेक्षणात ५० वर्षांवरच्या अंधत्वाचं ६६ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं होतं, म्हणून यावर जोर दिला ते बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी डोळ्याला लागल्याचा विषय होता आणि मला रडूच आलं. तूर सोंगताना काडी लागते, कोणी मध टाकते कोणी बाळंतिणीचं दूध, नाहीतर मेडिकलमधून थेंब आणतात, त्यात स्टेरॉइड असलं की लाली उतरते, माणसाला वाटते बरं झालं, पण आत बुरशी वाढत जाते आणि बुबुळावर पांढरा डाग, म्हणजे फूल पडते. आमच्या मामाजींचा उजवा डोळा असाच गेला. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्यांना त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं.

नाराजी एकाच गोष्टीची, फवारणीला १० मिनिटं दिली फक्त. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, इथं तरी याला अर्धा दिवस पाहिजे होता. औषध डोळ्यात उडालं तर दवाखान्यात पळायच्या आधी पापणी उघडून १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवायचं, एवढं तोंडी सांगितलं, करून नाही घेतलं. शेतात भांडंभर पाणी असते, त्यात कसं भागवायचं हे कोणी विचारात घेतलं नाही.

तरी जा, नक्की जा. ६ मीटर मोजायला मॅडमनं प्रत्येकीला गाठी मारलेली सुतळी दिली, ती पावसात भिजली की आखडते, मी घरी येऊन नायलॉनची करून घेतली.