ट्रकसाठी सीबी रेडिओ: संच, अँटेना आणि जोडणी यांची तुलना

ट्रकमध्ये सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य लोकांसाठीचा दुतर्फा बोलण्याचा) रेडिओ बसवायचे ठरले की बहुतेक चालक आधी संच पाहतात, म्हणजे पडदा किती मोठा, बटणे किती आणि आवाज कसा, आणि अँटेना शेवटी जी मिळेल ती उचलतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. हा रेडिओ मालवाहू ट्रकांमध्ये सर्वांत खोल रुजला तो अमेरिकेत, आणि तिथल्या नियमांनुसार प्रत्येक संचाची एएम पद्धतीतील प्रक्षेपणशक्ती ४ वॉटवर थांबते. साधा संच असो वा महागडा, बाहेर जाणारी शक्ती तेवढीच असते; ती हवेत किती पोहोचते आणि केबल व अँटेनाच्या जोडावरून किती परत येते, हे अँटेना आणि तिची बैठक ठरवते. म्हणून या आढाव्यात संचांची तुलना आधी केली असली, तरी निर्णय घेताना आपल्या ट्रकच्या केबिनवर कोणती अँटेना नीट बसेल हे आधी पाहावे आणि मग संचाकडे वळावे.

साधा एएम संच, एफएम असलेला संच आणि एसएसबी संच

अमेरिकी सीबीचे ४० चॅनेल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आहेत. त्यांपैकी चॅनेल ९ आणीबाणीसाठी राखलेला आहे, तर चॅनेल १९ महामार्गावरील ट्रकचालकांचा म्हणून ओळखला जातो. पुढे अपघात झाला आहे, वजनकाटा उघडा आहे, डावी मार्गिका बंद आहे, असा सारा उपयुक्त संवाद चॅनेल १९ वर आणि एएम पद्धतीत चालतो. ज्याला एवढेच हवे आहे त्याच्यासाठी साधा ४० चॅनेलचा एएम संच पूर्णपणे पुरेसा आहे, आणि इतर कोणत्याही सोयीपेक्षा त्याने स्क्वेल्च, आरएफ गेन आणि नॉइज ब्लँकर ही तीन नियंत्रणे नीट चालणारी आहेत का ते पाहावे. स्क्वेल्च रिकाम्या चॅनेलवरची खरखर बंद ठेवतो. आरएफ गेन कमी केला की दूरचे संदेश गळून पडतात आणि जवळचे ट्रक स्पष्ट ऐकू येतात, आणि हे गर्दीच्या महामार्गावर फार उपयोगी पडते. नॉइज ब्लँकर इंजिन व विजेच्या उपकरणांमुळे येणारी टकटक दाबतो.

एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे एकाच बाजूचा पट्टा वापरणारा) संच याच्या पुढची पायरी आहे. एएममध्ये बरीचशी शक्ती वाहक लहरीत खर्च होते, कारण आवाजाचा आशय त्या लहरीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत असतो. एसएसबीमध्ये वाहक लहर आणि एक पट्टा गाळून उरलेल्या एकाच पट्ट्यात सगळी शक्ती ओतली जाते, आणि नियमही या पद्धतीला १२ वॉट कमाल शक्तीची मुभा देतो. त्यामुळे अंतर खरोखरच वाढते. परंतु समोरच्याकडेही एसएसबी नसेल तर त्याला आपले बोलणे बदकाच्या आवाजासारखे अगम्य ऐकू येते, आणि चॅनेल १९ वर एसएसबीत बोलून काहीच साधत नाही. दोन किंवा अधिक ट्रक कायम एकत्र प्रवास करत असतील आणि त्या सर्वांमध्ये असे संच असतील, तर मी एसएसबीची शिफारस करीन. एकट्या चालकाने केवळ जास्त वॉट वाचून तो घेऊ नये.

एफएमला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, युरोपात मात्र ती सीबीची मुख्य पद्धत आहे. जवळच्या अंतरावर एफएमचा आवाज अधिक शांत आणि स्वच्छ असतो, आणि दोघे एकाच वेळी बोलले तर एएमसारखी शिट्टी वाजत नाही, बलवान संदेश दुसऱ्याला झाकून टाकतो. नव्या संचात ही सोय असल्यास चांगलेच, परंतु अमेरिकी महामार्गावर केवळ तिच्यासाठी जुना चालता संच बदलण्याचे कारण मला दिसत नाही. अमेरिका आणि कॅनडात फिरणाऱ्याने त्याऐवजी हवामान चॅनेलांची सोय आवर्जून मागावी, कारण १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे शासकीय हवामान प्रसारण वादळाच्या दिवशी खऱ्या अर्थाने कामी येते.

आकाराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. कोब्रा २९ सारखे पूर्ण आकाराचे संच मोठ्या गोल बटणांचे असतात आणि हातमोजा घालूनही, नजर रस्त्यावर ठेवून, चालवता येतात. कोब्रा ७५ सारख्या रचनेत सगळी नियंत्रणे मायक्रोफोनमध्येच असतात आणि मूळ डबा सीटखाली लपवता येतो. जागा नसलेल्या केबिनमध्ये हा एकमेव व्यवहार्य मार्ग ठरतो, पण मायक्रोफोन पडून फुटला तर संपूर्ण रेडिओ मूक होतो. केबिनमध्ये वर जागा असेल तर मी नेहमी पूर्ण आकाराच्या बाजूने कौल देईन.

अँटेना: खरा निर्णय इथे आहे

चॅनेल १९ ची लहर सुमारे ११ मीटर लांब असते, आणि तिला साजेशी पाव लहरीची अँटेना सुमारे २.६ मीटर, म्हणजे १०२ इंची पोलादी छडी. ट्रकवर ती बसवणे जवळजवळ अशक्य आहे, कारण अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत वाहनाची उंची १३ फूट ६ इंचांपर्यंत मर्यादित असते आणि पुलांखालून जाताना छडीचे टोक आपटते. म्हणून ट्रकच्या जवळपास सर्व अँटेना आखूड केलेल्या असतात, आणि कमी पडलेली लांबी तारेच्या गुंडाळीने भरून काढलेली असते. ही गुंडाळी अँटेनाच्या तळाशी आहे, मधोमध आहे की टोकाशी, यावर त्या अँटेनाची जागा ठरते.

तळाशी गुंडाळी असलेल्या, लोहचुंबकाच्या किंवा छिद्र पाडून बसवायच्या अँटेना छताच्या मधोमध उत्तम चालतात, कारण खाली सगळीकडे पत्रा असतो आणि अँटेनाला तिचा दुसरा अर्धा भाग मिळतो. हीच अँटेना आरशाच्या दांडीवर लावली तर तिची गुंडाळी केबिनच्या भिंतीला चिकटून राहते आणि जो भाग सर्वांत जास्त काम करतो तोच लोखंडाच्या सावलीत जातो. टोकाकडे गुंडाळी असलेल्या फायबरग्लासच्या, तीन ते पाच फुटी अँटेना नेमक्या आरशासाठी बनलेल्या आहेत, कारण त्यांचा वरचा कार्यक्षम भाग छताच्या वर निघतो. नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: अँटेनाची गुंडाळी आणि निदान वरचा अर्धा भाग छताच्या रेषेवर मोकळा हवा. तेवढी उंची मिळत नसेल तर आखूड अँटेना बदलून लांब घ्यावी, वर बसवण्याची दांडी वाढवावी, पण संच बदलू नये.

चुंबकाच्या अँटेनाचा मोह मी समजू शकतो. ती पाच मिनिटांत बसते आणि भाड्याचा किंवा कंपनीचा ट्रक असेल तर दुसरा मार्गही नसतो. मात्र अनेक ट्रकांच्या केबिन ॲल्युमिनियमच्या असतात आणि तिथे चुंबक धरतच नाही. छत प्लास्टिक किंवा फायबरचे असेल तर अडचण दुहेरी होते, कारण चुंबक धरत नाही आणि अँटेनाखाली लागणारा धातूचा पायाही नसतो. अशा केबिनसाठी धातूच्या पायाविना चालणाऱ्या अँटेनाचे स्वतंत्र किट मिळते. त्याच्यासोबतची केबल त्याच अँटेनासाठी मोजून बनवलेली असते, तिची लांबी कमी-जास्त करता येत नाही आणि ती साध्या अँटेनाला जोडूनही चालत नाही. धातूची केबिन असताना हे किट घेऊ नये. फायबरची केबिन असताना ते टाळू नये.

एक अँटेना की दोन

दोन्ही आरशांवर दोन अँटेना उभ्या असलेला ट्रक रुबाबदार दिसतो, आणि दुप्पट अँटेना म्हणजे दुप्पट अंतर असा समज पसरण्याचे ते एक कारण असावे. वस्तुस्थिती वेगळी आहे. या जोडीला को-फेज म्हणतात आणि ती पुढे-मागे थोडी अधिक शक्ती ढकलते, बाजूंना कमी. त्यासाठी दोन अँटेनांत पाव लहरीएवढे, म्हणजे सुमारे २.७ मीटर अंतर असावे लागते. मोठ्या ट्रकच्या दोन आरशांमध्ये ते जेमतेम भरते, पण लहान ट्रक किंवा पिकअपमध्ये भरत नाही, आणि तिथे दोन अँटेना एकीपेक्षा वाईट ठरू शकतात. मोठ्या ट्रकवर दोन अँटेनांचा खरा फायदा असा की मागचा उंच ट्रेलर आणि केबिन एका बाजूला जी सावली टाकतात, ती दुसऱ्या अँटेनामुळे भरून निघते.

इथे एक खाचखळगा आहे, ज्यात नवखे चालक हमखास अडकतात. को-फेजच्या जोडणीत ७५ ओहमच्या दोन केबल एकत्र येतात, तर एका अँटेनाला ५० ओहमची केबल लागते. अनेक अमेरिकी ट्रकांत कारखान्यातूनच दोन आरशांपर्यंत को-फेज केबल आणि छताजवळ रेडिओसाठी विजेचे खिळे (तारा जोडायचे धातूचे बोल्ट) दिलेले असतात. चालक त्यातली एक अँटेना काढून टाकतो, एकीवर काम चालवतो आणि मग परत येणाऱ्या शक्तीचे मापन बिघडलेले पाहून संचाला दोष देतो. एक अँटेना ठेवायची असेल तर नवी ५० ओहमची केबल स्वतंत्र ओढणे हाच योग्य मार्ग आहे. दोन ठेवायच्या असतील तर दोन्ही एकाच जातीच्या, एकाच लांबीच्या आणि एकसारख्या जुळवलेल्या असाव्यात.

माझा कौल असा: कारखान्याची को-फेज केबल चांगल्या स्थितीत असेल आणि लांब पल्ल्याचा मोठा ट्रक असेल तर दोन, बाकी सर्वांनी एकच, पण नीट बसवलेली अँटेना घ्यावी. उजव्या बाजूने वाहतूक चालते त्या देशांत ती चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूला लावावी, कारण उजव्या बाजूला रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या घासतात.

वीज आणि अर्थ

सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेणे आणि थेट बॅटरीवरून घेणे, या दोन्हींत रेडिओ चालतो, कारण साधा एएम संच जास्तीत जास्त सुमारे २ अँपिअर ओढतो. तरीही सॉकेट सैल होते, रेडिओ खड्ड्यात बंद पडतो, आणि त्याच वाहिनीवरचे चार्जर व कॅमेरे आपला गोंगाट रेडिओत आणतात. थेट बॅटरीवरून किंवा कारखान्याने दिलेल्या खिळ्यांवरून घेतलेली वीज अधिक स्वच्छ असते. थेट जोडताना दोन्ही तारा बॅटरीपर्यंत न्याव्यात, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा, रेडिओजवळ नव्हे, म्हणजे मधल्या तारेचे आवरण घासले गेले तरी आग लागणार नाही.

युरोपीय ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात, तर बहुतेक सीबी संच १२ व्होल्टचे. तिथे २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावावा किंवा दोन्ही दाब स्वीकारणारा संच घ्यावा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेण्याची युक्ती काही वायरमन सुचवतात; ती टाळावी, कारण दोन बॅटऱ्या असमान रिकाम्या होत जातात आणि त्यांपैकी एक लवकर मरते.

अर्थ, म्हणजे वाहनाच्या धातूच्या सांगाड्याशी केलेली जोड, हा शब्द विजेच्या जोडणीत आपण सहज वापरतो, पण अँटेनाच्या ब्रॅकेटच्या अर्थाकडे क्वचितच लक्ष देतो. आरसा दरवाजावर असतो, आणि दरवाजा बिजागरीच्या ग्रीसवर व रंगाच्या थरावर उभा असतो, त्यामुळे ब्रॅकेट आणि चासिस यांच्यात खरा धातूसंबंध नसतो. ब्रॅकेटखालचा रंग खरवडून, ब्रॅकेट ते दरवाजा आणि दरवाजा ते केबिन अशा लवचिक वेणीदार पट्ट्या लावल्या की अनेकदा मापन एकदम सुधारते. गंज येऊ नये म्हणून खरवडलेल्या जागी ग्रीस लावावे.

जुळवणी

अँटेना लावल्याविना प्रक्षेपणाचे बटण कधीही दाबू नये. संचाचा अंतिम ट्रान्झिस्टर त्यामुळे जळू शकतो. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारे उपकरण, संच आणि केबलच्या मध्ये जोडून, ट्रक मोकळ्या जागी, इमारती आणि इतर गाड्यांपासून दूर, दरवाजे बंद करून आणि शक्यतो नेहमीचा ट्रेलर जोडून चॅनेल १, १९ आणि ४० वर मापन घ्यावे. वाचन १.५ असेल तर फक्त ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के, आणि ३ असेल तर २५ टक्के. त्यामुळे १.५ च्या आत समाधान मानावे, २ पर्यंत चालवता येते, आणि ३ च्या पुढे बोलणे थांबवून दोष शोधावा. चॅनेल १ चे वाचन ४० पेक्षा जास्त आले तर अँटेना आखूड आहे, उलट आले तर लांब आहे. टोकाला स्क्रू असलेल्या अँटेनांत हे फिरवून साधते. पोलादी छडी मात्र कापावी लागते आणि कापलेली परत जोडता येत नाही, म्हणून एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापावेत. तिन्ही चॅनेलवर वाचन ३ च्या वर अडकले असेल तर लांबीला हात न लावता अर्थ, प्लग आणि दरवाजात चिरडलेली केबल हे तीन संशयित तपासावेत. उरलेली केबल घट्ट गुंडाळून ठेवू नये, सैल आठाच्या आकारात बांधावी.

काही चालक एवढ्यावर न थांबता शक्तिवर्धक लावतात. तो अमेरिकेत बेकायदा आहे, शिवाय ४ वॉटचे ८ केले तरी समोरच्याच्या रेडिओवरील, संदेशाची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर अर्ध्या एककाचाच फरक पडतो, जो कानाला जाणवतही नाही. वाईट अर्थामुळे किंवा सावलीत उभ्या केलेल्या अँटेनामुळे होणारे नुकसान त्याहून सहज मोठे असू शकते. मोकळ्या सपाट प्रदेशात १० किलोमीटरच्या आसपास आणि डोंगरांत त्याहून बरेच कमी अंतर मिळत असेल, तर आपली जोडणी जशी असायला हवी तशी आहे.