रात्रीत रिकामा होणारा कार्ब्युरेटर: इलेक्ट्रिक पंप बसवावा की कार्ब्युरेटर खोलावा?

ज्यांच्याकडे कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुनी गाडी आहे त्यांना ही सकाळ ठाऊक असते. रात्री छान चालवून लावलेली गाडी, आणि सकाळी चोक ओढून सेल्फ मारला तर इंजिन नुसतं गरगरतं. दहा सेकंद मारा, थांबा, पुन्हा दहा सेकंद. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठे पेट्रोल वर पोचतं आणि गाडी सुरू होते. मग दिवसभर काही तक्रार नाही.

माझी प्रीमियर पद्मिनी १९८९ची, वडिलांनी घेतलेली. बडोद्यात बाबाजीपुऱ्यात आमच्या घराखाली जिन्यालगत उभी असते आणि रोज मकरपुऱ्याला कामावर नेतो. गेल्या मे महिन्यात तिला हे दुखणं लागलं. दोन आठवड्यांत बॅटरी थकली, सेल्फचा आवाज बदलला. नेहमीच्या मिस्त्रीने बोनेटमध्ये डोकावून एका वाक्यात निकाल दिला: ‘इलेक्ट्रिक पंप नाखी दो, सवारनी माथाकूट गई.’ म्हणजे पंप बसवून टाका, सकाळची कटकट संपली. दुसरा एक जुना कारागीर म्हणाला, आधी कार्ब्युरेटर खोलू. मी दोन्ही केलं, आधी पंप आणि चार महिन्यांनी कार्ब्युरेटर. तुम्ही आज त्याच वळणावर असाल तर माझा अनुभव कामाला यावा.

आधी एक तपासणी मात्र कराच. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी एअर फिल्टर काढा, चोकची पत्ती बोटाने उघडी धरा आणि रेसचा लिव्हर हाताने ओढा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची धार उडाली तर चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे. मग दोष प्लग, पॉइंट किंवा कॉइलकडे, म्हणजे ठिणगीच्या बाजूला शोधा, पुढचं वाचायची गरज नाही. धार आलीच नाही तर बहुधा चेंबर कोरडा आहे.

इथे बरेच जण गाडीच्या मूळ मेकॅनिकल पंपाला दोष देतात, जो इंजिनाच्या जोरावर टाकीतून पेट्रोल ओढतो. त्याचे व्हॉल्व्ह गेले, पेट्रोल टाकीकडे परत गेलं, असं म्हणतात. ते होतं, पण त्याने रिकामी होते ती नळी. पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वरच्या झाकणातून आत येतं आणि चेंबरमधली पातळी त्या तोंडाच्या खाली असते, त्यामुळे चेंबरमधलं पेट्रोल उलटं वर चढून नळीत जाणार कसं? चेंबर कोरडा पडला असेल तर पेट्रोल एक तर उडालंय, नाही तर खालून कुठून तरी झिरपलंय. नीडल व्हॉल्व्ह (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी सुई) खराब असेल तर लक्षण वेगळं असतं: गरम गाडी बंद केल्यावर पेट्रोल ओव्हर होतं, म्हणजे भरून वाहतं, वास येतो आणि पंधरा मिनिटांनी सुरू करायला गेलं की गाडी गुदमरते. सकाळचा कोरडेपणा आणि दुपारचं गुदमरणं, दोन्ही असेल तर दोन दोष एकत्र नांदतायत असं धरून चाला.

आता इलेक्ट्रिक पंप. बारा व्होल्टचा छोटा पंप टाकीजवळ बसवला, चावी फिरवली की टकटक करत पेट्रोल वर ढकलतो. चार-पाच सेकंद थांबायचं आणि सेल्फ मारायचा. पहिल्या सकाळी गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली तेव्हा मला खरंच आनंद झाला. बॅटरीचा त्रास गेला. भर उन्हात मांडवीच्या गर्दीत अडकल्यावर जुना पंप आणि नळी तापून पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची, तेही थांबलं. हा फायदा खरा आहे आणि मी तो नाकारणार नाही.

बसवताना मात्र तीन गोष्टींवर अडून बसा. एक, पंप कमी दाबाचा हवा. या कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआय पुरतात. बाजारात मिळणारे बरेच पंप त्याहून जास्त दाब देतात आणि झिजलेली नीडल तो दाब पेलत नाही. दोन, जुना मेकॅनिकल पंप त्याच लाइनमध्ये तसाच ठेवू नका. त्याचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला तर नवा पंप सगळं पेट्रोल त्यातून इंजिन ऑइलमध्ये ढकलत राहील. जुना पंप काढून त्या जागी पत्रा आणि पॅकिंग लावा. तीन, फ्यूज आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद करणारा स्विच. अपघातात इंजिन थांबलं आणि चावी चालू राहिली तर नुसत्या वायरिंगवरचा पंप पेट्रोल सोडतच राहतो. माझ्या मिस्त्रीने तिसरी गोष्ट टाळली होती, मी नंतर मागे लागून करून घेतली.

मग मी पंपावर खूश का राहिलो नाही? वासामुळे. आमच्या जिन्याच्या वर आईची खोली आहे. गाडी सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होत होती, पण पहाटे पाच वाजता आई उठून खिडकी उघडायची आणि म्हणायची, ‘अरे, आजही येतोय.’ देवासमोर निरांजन लावायला ती धजेना. मी खाली जाऊन टॉर्च मारून बघायचो, फरशी कोरडी ठणठणीत. मला वाटायचं आईला भास होतोय. एका रात्री मी कार्ब्युरेटरच्या खाली जाड पांढऱ्या कागदाचा तुकडा अडकवून ठेवला. सकाळी कागद कोरडाच होता, पण मधोमध रुपयाएवढा पिवळट डाग होता आणि त्याच्या कडेला तपकिरी रेघ. थेंब पडत होता आणि गरम इंजिनावर फरशीपर्यंत पोचायच्या आधीच उडून जात होता. पंपाने दुखणं बरं केलंच नव्हतं. रात्रभर गळलेलं पेट्रोल तो सकाळी भरून देत होता, एवढंच. चार महिने आम्ही पेट्रोलच्या वाफेवर झोपलो होतो, हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी गाडी त्या जुन्या कारागिराकडे नेली.

त्याने कार्ब्युरेटर उतरवून वर्तमानपत्रावर ठेवला आणि सगळ्यात आधी मला बोलावून बाहेरची बाजू दाखवली. ॲक्सिलरेटर पंपाच्या (रेस दिली की ती धार उडवणारा कार्ब्युरेटरमधलाच छोटा पंप) झाकणाखालून मधाच्या रंगाचा एक ओघळ खालपर्यंत गेला होता, नखाने खरवडला तर चिकट. चार स्क्रू काढले. आतला रबरी डायफ्राम फुगून सुरकुतला होता आणि कडेला केसाएवढी चीर होती. हा डायफ्राम चेंबरच्या तळाजवळ असतो, म्हणून एवढी चीरसुद्धा रात्रभरात चेंबर रिकामा करायला पुरते. मग त्याने पितळी फ्लोट, म्हणजे चेंबरमध्ये तरंगून पातळी राखणारा पोकळ डबा, काढून माझ्या कानाशी हलवला. आत खुळखुळ. गरम पाण्यात बुडवल्यावर जोडाशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. म्हणजे फ्लोट जड झाला होता, पातळी जास्त राहत होती आणि माझ्या गाडीचं दुपारचं गुदमरणं त्यातून होतं. नीडलच्या टोकाला गोल खाच पडलेली नखाला लागत होती.

किट (डायफ्राम, नीडल वगैरे सुट्या भागांचा संच), नवा फ्लोट आणि मजुरी मिळून पंपाच्या निम्म्यापेक्षा कमी खर्च आला. दिवस मात्र पूर्ण गेला, आणि किट मिळवायला त्याआधीचे दोन शनिवार. इथे एक सावधगिरी. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पेट्रोल पंपांवर तेच मिळतं. वर्षानुवर्षं दुकानात पडलेल्या जुन्या किटमधलं रबर त्यात फुगतं. माझं पहिलं किट असंच निघालं, सहा आठवड्यांत डायफ्राम पुन्हा मऊ पडला. दुसऱ्या वेळी इथेनॉल सोसणारं रबर आहे का, हे विचारूनच घेतलं. हा या मार्गाचा खरा तोटा आहे: चांगला माल शोधावा लागतो आणि हात बसलेला कारागीरही.

त्याच वेळी कार्ब्युरेटरच्या खाली बॅकेलाइटची (उष्णता सोसणारं कडक प्लास्टिक) जाड पॅकिंग घातली. पेट्रोलचे हलके अंश ३५-४० अंशांनाच उडायला लागतात आणि बडोद्यात मे महिन्यात नुसती हवाच ४२ अंशांवर जाते. गाडी बंद केल्यावर इंजिनाची धग वर चढते, पहिल्या अर्ध्या तासात बरंच पेट्रोल त्यातच जातं. पॅकिंगने ती धग अडते. किती अडते ते मी मोजलेलं नाही, पण बोनेट उघडून चेंबरला हात लावला तर आता हात टिकतो. पूर्वी टिकत नव्हता. नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह घालण्याचाही सल्ला मिळतो; फक्त नळीच रिकामी होत असेल तर तो स्वस्त आणि पुरेसा आहे. तो घालताना बाणाची दिशा बघा.

सकाळचं म्हणाल तर आता एक-दीड सेल्फ लागतो. इलेक्ट्रिक पंपाएवढं झटपट नाही हे कबूल. तरी मला विचाराल तर रोज निघणाऱ्या गाडीला आधी कार्ब्युरेटर खोला. त्यातही गाडी घराखाली किंवा बंद जागेत उभी राहत असेल तर दुसरा विचारच करू नका. पंपाला नंतरही जागा आहे. गाडी दोन-तीन आठवडे हलत नसेल तर चेंबर निरोगी असूनही पेट्रोल हळूहळू उडणारच, तिथे पंप योग्य. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. तसल्या, वर्षातून मोजक्या वेळा निघणाऱ्या गाड्यांना मीही पंपच सुचवीन. तुमच्या गाडीची चाल तुम्हालाच जास्त माहीत.

माझा पंप मी काढला आणि जुना मेकॅनिकल पंप नवा डायफ्राम घालून परत बसवला. काढलेला पंप रावपुऱ्यातल्या मित्राला दिला. त्याची ॲम्बॅसॅडर महिन्यातून दोनदा निघते, उघड्या अंगणात उभी असते, आणि तो पंपावर खूश आहे. आमच्याकडे पहाटे आई खिडकी उघडते ती सवयीने. परवा मीच विचारलं, येतोय का वास? म्हणाली, ‘छे रे, प्राजक्ताचा येतोय.’